पुस्तकं गोदामात ठेवून पाठवायला ऑर्डरमागे ९९ रुपये: हा दर बरोबर आहे का?

शाईची_दौत (ठाणे)
नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात राहते आणि सहा वर्षांपासून घरातूनच छोटं प्रकाशन चालवते. अकरा पुस्तकं आहेत, सगळी मराठी, आणि साधारण ८,५०० प्रती शिल्लक आहेत. आतली खोली, बंद केलेली बाल्कनी, सासूबाईंच्या पलंगाखालची जागा, सगळीकडे गठ्ठेच गठ्ठे. मागच्या आठवड्यात सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या आणि गठ्ठ्याला पाय अडकून पडता पडता वाचल्या. त्या रात्रीच ठरवलं, माल आता घराबाहेर न्यायचा.

भिवंडीजवळच्या काल्हेरमधल्या एका कंपनीकडून दरपत्रक मागवलं. माल ठेवायचा, ऑर्डर आली की काढून, बांधून, लेबल लावून रवाना करायची, असं त्यांचं काम. साठवण पॅलेटला (माल रचायची लाकडी चौकट) महिना ४५० रुपये, आणि एका पुस्तकाला एक पॅलेट, म्हणजे माझी ११. ऑर्डर काढून पॅक करायचे २८ रुपये, त्याच ऑर्डरमधल्या पुढच्या प्रत्येक प्रतीला ५. पॅकिंगचं सामान ९. दुकानदाराचा मोठा गठ्ठा ६०. सॉफ्टवेअरचे महिना १,५००. महिन्याचं किमान बिल १२,०००. वर १८ टक्के जीएसटी. कुरिअर वेगळं.

माझ्या महिन्याला १४० किरकोळ ऑर्डरी असतात, त्यांत मिळून २१० प्रती जातात. दुकानांना १२ गठ्ठे. हिशेब केला तर १२,७०० आणि कर धरून १४,९८६. म्हणजे प्रत्येक रवानगीमागे ९९ रुपये. माझ्या पुस्तकाची सरासरी किंमत २५० आहे. हा दर चालू बाजारातला आहे की मी नवखी म्हणून सांगितला आहे? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

घोडबंदरवासी
ताई, घरातली खोली मोकळी होईल त्याचीही काही किंमत धरा. ठाण्यात एका खोलीचं भाडं काय चाललंय ते तुम्हाला माहीतच आहे.

दापोड्याचा_सुपरवायझर
मी चौदा वर्षं दापोडे-वळ भागातल्या गोदामांत काम केलंय, त्यातली पाच वर्षं पुस्तकं आणि छापील मालाच्याच विभागात. दोन्ही बाजू सांगतो.

२८ रुपयांवर घासाघीस करू नका. त्या २८ रुपयांत मुलगा यादी घेतो, रॅकपर्यंत चालत जातो, पुस्तक काढतो, कोपरे दुमडलेत का बघतो, स्कॅन करतो, गुंडाळतो, लेबल लावतो. नवीन मुलगा तासाला दहा-बारा ऑर्डरी काढतो, सरावलेला वीसपर्यंत जातो. त्याचा पगार, पॅकिंग टेबल, चुकलेली ऑर्डर परत आणण्याचा खर्च, सगळं त्यातच असतं. हा दर पाडलात तर काम कच्च्या मुलाकडे जातं आणि तुमच्या वाचकाला भलतंच पुस्तक पोचतं.

भांडायचं असेल तर जागेवरून भांडा. एका पुस्तकाला एक पॅलेट ही त्यांची सोय आहे, तुमची गरज नाही. मोजायला सोपं, चुका कमी, म्हणून ते तसं सांगतात. जास्त खपणारी पुस्तकं पॅलेटवर आणि कमी खपणारी रॅकच्या कप्प्यात, असं मागा. कप्प्याचा दर बहुतेकांकडे असतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणि माल उतरवायचं काय ठरलंय? दरपत्रकात वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची मजुरी, दिसत नाही. गाडी दारात लागली की ती निघतेच.

आकडेमोड
सुपरवायझर दादांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. डेमी आकाराचं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाचं २०० पृष्ठांचं पुस्तक घ्या. १०० पानं झाली. एक पान १४ × २१.६ सेंटिमीटर, म्हणजे २.१ ग्रॅम. पानांचे २१० आणि मुखपृष्ठाचे वीसेक, एकूण २३० ग्रॅम. जाडी सेंटिमीटरच्या आसपास. एका प्रतीला साधारण ३०० घनसेंटिमीटर जागा.

८,५०० प्रतींना झाली अडीच घनमीटर. १२०० × १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर मीटरभर उंच रचलं तर मधली पोकळी सोडून ३,००० प्रती आरामात बसतात, वजन ७०० किलोच्या आत. म्हणजे तुमचा सगळा माल तीन, फार तर चार पॅलेटचा आहे. तुम्हाला ११ पॅलेटचं भाडं लावलंय. चार धरली तर साठवण ४,९५० वरून १,८०० वर येते.

मीनल_ऐरोली
वा! हे कोष्टक मलाही हवं होतं. वाचनखूण साठवली.

तुर्भ्याचा_छापखाना
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. साठवणीचा दर विचारायच्या आधी इतक्या प्रती छापल्या का, हे विचारायला हवं. माझा तुर्भ्याला छापखाना आहे. प्रकाशक येतात आणि म्हणतात, हजार केल्या तर प्रतीमागे दर कमी पडतो ना, मग हजारच करा. दर कमी पडतो हे खरं. पण त्यातल्या ६०० प्रती चार वर्षं भाडं भरत बसतात त्याचं काय?

आमच्याकडे जुनी पद्धत होती, फर्मे (छापलेले, अजून न बांधलेले कागद) हजाराचे छापायचे आणि बांधणी तीनशेची करायची. उरलेले फर्मे बाइंडरकडे सुतळीत बांधून पडायचे. पुस्तक खपलं की पुढची तीनशे बांधायची. बांधणीचा आणि मुखपृष्ठाचा पैसा अडकत नसे. आता डिजिटलवर शंभर प्रतीसुद्धा निघतात.

मीनल_ऐरोली
काका, डिजिटलवर प्रतीमागचा खर्च केवढा वाढतो! मी दोनशे पानांचा कथासंग्रह शंभर प्रतींचा करून पाहिला. दुकानदाराला ४० टक्के सूट दिल्यावर हातात जवळपास काहीच उरलं नाही. आणि फर्मे वर्षभर पडले की कडा पिवळ्या होतात, बांधल्यावर कापणीत ते सगळं जातंच असं नाही. हजार छापणारे सगळे अविचारी नसतात हो.

तुर्भ्याचा_छापखाना
अविचारी म्हणालो नाही. एवढंच म्हणतो की छपाईत वाचलेले पंधरा रुपये आणि गोदामात गेलेले पंधरा रुपये एकाच कागदावर मांडा. प्रकाशक ते दोन वेगळ्या वह्यांत लिहितो.

हिशेबनीस_पाचपाखाडी
करावर बोलतो, कारण बरेच प्रकाशक इथे फसतात. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ऐकायला छान वाटतं, पण विक्री करमुक्त असली की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. गोदामवाल्याच्या बिलावरचा १८ टक्के कर एखादा साबणविक्रेता वळता करून घेतो, त्याला तो खर्चच नसतो. तुमच्यासाठी तो पूर्ण खर्च आहे. १२,७०० वर २,२८६ रुपये कायमचे गेले. त्यामुळे दोन कंपन्यांचे दर ताडताना नेहमी करासकट आकडा धरा. सोबत करपात्र माल विकत असाल तर त्या विक्रीच्या प्रमाणात काही क्रेडिट मिळतं, आपल्या सीएला विचारा.

एक सोय मात्र आहे. करमुक्त माल असल्यामुळे नुसती पुस्तकं नेणाऱ्या गाडीला ई-वे बिल (माल नेण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही. चलन सोबत ठेवा म्हणजे झालं.

आकडेमोड
अरे, माझ्या वरच्या प्रतिसादात एक गोष्ट सुटली. पॅलेट चारवर आणली तर एकूण १२,७०० वरून ९,५५० होतं. पण किमान बिल १२,००० आहे! म्हणजे एवढं भांडून वाचणार फक्त ७००. ताई, आधी किमान बिल खाली आणा. ते आहे तिथेच राहिलं तर बाकी कुठल्याही दरात मिळालेली सवलत कागदावरच राहील. पावसाळ्यात ऑर्डरी निम्म्यावर आल्या तरी १२,००० भरावेच लागतील.

दापोड्याचा_सुपरवायझर
अगदी बरोबर पकडलंत. किमान बिल हाच या धंद्यातला खरा दर असतो. माझ्या आधीच्या ठिकाणी लहान गिऱ्हाईक आलं की मालक आधी तोच आकडा ठरवायचे आणि बाकीचे दर मागाहून बसवायचे. पण तो खाली येतो. सणासुदीला तुमचा माल वाढतो हे आकड्यांनिशी दाखवा, वर्षाचा करार द्या, येतो खाली.

खाडीकिनारी
पावसाचा विषय निघालाच आहे तर. मी अकरा वर्षं कॅलेंडरं, डायऱ्या आणि पुस्तकं भिवंडी पट्ट्यात ठेवली. २६ जुलै २००५ ला आमच्या गोदामात कमरेएवढं पाणी होतं. कामवारी नदीचं आणि पावसाचं पाणी कुठून कुठे शिरलं कळलंच नाही. साबण धुऊन विकता येतो, कागद नाही. खालचे दोन थर भिजले आणि वरचे सहा थर ओलाव्याने फुगले. सगळा माल रद्दीत गेला आणि ओली रद्दीही कोणी धड भावाने घेईना. मी त्या दिवशी गोदामाच्या दारात उभा राहून रडलो आहे.

म्हणून दरपत्रक बघण्याआधी जागा बघा. जोत्याची उंची किती, गाडी ज्या धक्क्याला लागते तो रस्त्यापेक्षा किती वर आहे, भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ दिसते का. माल भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून वर हवा. पूर आला नाही तरी जुलै-ऑगस्टची दमट हवा पुरते. मुखपृष्ठाला बाहेरून लॅमिनेशन असतं, ती बाजू ओलावा घेत नाही, आतली कागदाची बाजू घेते आणि ताणते. मग मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. असं पुस्तक दुकानदार हातात घेत नाही. प्रत्येक खोकं आतून प्लॅस्टिकने बांधलेलं पाहिजे. त्याचे वेगळे पैसे मागतील, ते द्या.

घोडबंदरवासी
अवांतर: एवढी गोदामं भिवंडीलाच का झाली असावीत? नवी मुंबईत एमआयडीसी आहे, बंदर जवळ आहे.

खाडीकिनारी
जकात. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. भिवंडी नाशिक महामार्गावर, ठाण्याच्या पलीकडे, जमीन स्वस्त. काल्हेर, वळ, पूर्णा, राहनाळ ही सगळी ग्रामपंचायतींची हद्द. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण तोवर सगळा धंदा तिथे रुजला होता. माथाडी, टेम्पोवाले, पॅकिंगचं सामान विकणारे, सगळे तिथेच.

तुर्भ्याचा_छापखाना
नवी मुंबईत जागा महाग पडते. रबाळे-महापे भागात तोच गाळा चौरस फुटाला भिवंडीच्या दुप्पट-तिप्पट सांगतात. पण माझ्याकडे छापलेला माल थेट जवळच ठेवला तर एक वाहतूक वाचते. खारेगाव-माणकोलीच्या कोंडीत टेम्पो अडकला की पूर्ण दिवस जातो, आणि ठाण्यातून अवजड गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळा असतात. तोही खर्चच आहे.

टपाल_प्रेमी
कोणीच पाठवणीवर बोललं नाही. पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. माग घेता येतो. रस्त्याने-रेल्वेने जातं म्हणून दिवस जास्त लागतात, पण पुस्तकाच्या वाचकाला चार दिवसांनी फरक पडत नाही.

आकडेमोड यांनी पुस्तक २३० ग्रॅमचं काढलंय. म्हणजे पॅकिंगला ७० ग्रॅम उरतात. पुठ्ठ्याचं पाकीट ५० ग्रॅमचं असलं तर २० रुपयांत काम होतं. गोदामवाल्याने आपलं ठरलेलं जाड खोकं वापरलं की वरचा टप्पा लागला.

कुरिअरला तर याहून वाईट. तिथे लांबी × रुंदी × उंची भागिले ५,००० असं आकारमानाचं वजन धरतात. ३० × २२ × १० चं खोकं वापरलं तर १.३२ किलो होतं, पुस्तक पाव किलोचंही नसताना. तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा: पाकीट माझ्या मापाचं वापराल का, आणि तुमचा माणूस पोस्टात जातो का. बऱ्याच कंपन्या फक्त कुरिअरशी जोडलेल्या असतात.

मीनल_ऐरोली
दिवाळी अंकही ज्ञान पोस्टने जातील का? आमचा अंक असतो.

टपाल_प्रेमी
नाही जाणार. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिकं आणि जाहिराती असलेला मजकूर त्यात बसत नाही. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. शेवटी तुमच्याच पुस्तकांची यादी असली तर चालते.

शाईची_दौत (ठाणे)
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हा धागा आणि माझी वही शेजारी ठेवून बसले होते. एक गोष्ट तेव्हा दिसली.

माझ्या ८,५०० प्रतींतल्या ४,५०० फक्त तीन पुस्तकांच्या आहेत, आणि खप मुख्यतः त्यांचाच. बाकी आठ पुस्तकांच्या पाच-पाचशे आहेत. त्यातलं एक महिन्याला तीन प्रती जातं. एका पॅलेटचे ४५० भागिले तीन, म्हणजे एका विकलेल्या प्रतीवर नुसतं साठवणीचं भाडं १५० रुपये. ते पुस्तक २०० रुपयांचं आहे! आणि पाचशे प्रती संपायला चौदा वर्षं.

पण ते पुस्तक माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं आहे. ठाण्याच्या जुन्या तळ्यांबद्दलच्या आठवणी. बाई आता नाहीत. ते मी रद्दीत टाकणार नाही, कोणी कितीही हिशेब दाखवला तरी.

तुर्भ्याचा_छापखाना
टाकूही नका. माझा बोलण्याचा सूर चुकला असेल तर माफ करा. मी स्वतः माझ्या वडिलांनी छपाईच्या खिळ्यांवर जुळवलेल्या एका पुस्तकाच्या चाळीस प्रती कपाटात ठेवल्यात. फक्त त्या भाड्याच्या पॅलेटवर ठेवू नका, एवढंच.

वाचनालय_सेविका
तळ्यांवरचं पुस्तक वाचनालयांना द्या ना. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, ठाण्याविषयीचं पुस्तक तिथे असायलाच हवं. शिवाय जिल्ह्यात मुरबाड, शहापूरकडे लहान वाचनालयं आहेत, त्यांना नवी पुस्तकं घ्यायला पैसे पुरत नाहीत. शाळांनाही द्या. दोनशे प्रती अशा गेल्या तर त्या वाचल्या जातील. पत्ते जमवायला मी मदत करते.

कलम_वकिली
करारावर सही करण्याआधी तीन कलमं वाचा. पहिलं, नुकसानभरपाई. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची असते. तेवढी घेतली असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर नुकसान झालं तरी तो कलम १५२ खाली जबाबदार नसतो. म्हणून पूर आणि आगीचा विमा कोणाच्या नावाने, आणि त्यात गिऱ्हाइकाचा माल धरलाय का, हे लेखी घ्या. मालाची किंमत छापील धरणार की छपाईखर्चाची, तेही. तुमच्या मालाची छापील किंमत २१ लाखांच्या वर जाते, छपाईखर्च त्याच्या बराच खाली असेल.

दुसरं, बिल थकलं तर माल अडवून ठेवायचा हक्क. वाद एका बिलाचा असला तर सगळा साठा अडकता कामा नये. तिसरं, बाहेर पडायची अट. माल परत काढताना प्रत्येक खोक्यामागे पैसे लावतात, तो दर आजच ठरवा.

दापोड्याचा_सुपरवायझर
आणि मोजणीतली घट. वर्षाला किती प्रती कमी भरल्या तर चालतील ते लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी मोजणी, तुमच्या समोर.

तीन_हात_नाका
आम्ही तीन लहान प्रकाशक वागळे इस्टेटमध्ये एक गाळा मिळून घ्यायचा विचार करत होतो. गाळ्याचं भाडं आणि अर्धवेळ बाई, तिघांत वाटलं तर जमत होतं. पण प्रत कमी भरली तर जबाबदार कोण आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्डर कोण काढणार, यावर अडलं. कोणाला करायचं असेल तर आधी हेच ठरवा.

शाईची_दौत (ठाणे)
तीन आठवड्यांनी लिहितेय. खाडीकिनारी दादांनी सांगितल्याप्रमाणे स्वतः जाऊन गोदाम पाहिलं. भिंतीवर पाण्याची रेघ नव्हती, माल पहिल्या मजल्यावर आहे.

फक्त तीन खपणारी पुस्तकं तिथे ठेवतेय, दोन पॅलेट. किमान बिल ६,००० वर आलं आणि सॉफ्टवेअर ५०० वर. २८ चा दर तसाच ठेवला, मागितलाच नाही कमी. १४० पैकी साधारण ११० ऑर्डरी याच तीन पुस्तकांच्या असतात. त्या, ४० जादा प्रती, १२ गठ्ठे आणि पॅकिंग धरून ६,३९० होतात, करासकट ७,५४०. रवानगीमागे ६२ रुपये. पाकीट माझ्या मापाचं, ४८ ग्रॅमचं, तेच वापरणार. आठवड्यातून दोनदा त्यांचा माणूस पोस्टात जाईल, हे करारात लिहून घेतलं. विमा त्यांच्या पॉलिसीत छपाईखर्चाइतका.

उरलेल्या तीसेक ऑर्डरी मी घरीच बांधेन. आठ पुस्तकांच्या ४,००० प्रतींपैकी १,६०० वाचनालयांना आणि शाळांना जातायत, वाचनालय_सेविका ताईंनी ६२ पत्ते दिले. बाईंच्या पुस्तकाच्या शंभर प्रती माझ्या कपाटात राहतील. सासूबाईंच्या पलंगाखालची जागा काल रिकामी केली, फरशी पुसली.

मीनल_ऐरोली
ताई, किती छान झालं! मलाही त्याच कंपनीशी बोलायचंय, निरोपातून नंबर पाठवाल का?

दापोड्याचा_सुपरवायझर
पहिल्या गाडीबरोबर स्वतः जा. खोकी उतरताना पुस्तकाप्रमाणे मोजा आणि इनवर्डच्या (माल आत घेतल्याच्या) पावतीवर प्रतींची संख्या लिहून सही-शिक्का घ्या, नुसती खोक्यांची संख्या नको. वाराई गाडी लागायच्या आधी बोलून घ्या.

शाईची_दौत (ठाणे)
शुक्रवारी सकाळी सातला टेम्पो येतोय. वाराई बोलून झाली. यादी पुस्तकाप्रमाणे केली आहे, दोन प्रतींत.